वन्संच्या न्हाणीचा दगड

राहीवन्संना ओलेत्या अंगानं कुणी पाहिलेलं नव्हतं. मी या घरात आले तेव्हापासून तरी नाही, आणि शेजारची गोजरबाई, जी त्यांच्याबरोबर सागरगोटे खेळत मोठी झाली, तीही हेच सांगते. झुंजुमुंजू व्हायच्या आत त्यांची अंघोळ उरकलेली असायची. मी चूल पेटवायला उठावं तर त्या तुळशीपुढं उभ्या. केस बांधलेले, लुगडं कोरडं, तोंडात नामस्मरण. न्हाणीतले दगड तेवढे ओले.

आमचं गाव शिंगणापूर. इथं घराला चौकट असते, कवाड नसतं. माझं माहेर मिरजगावचं. तिथं दाराला कडी आणि कडीला कोयंडा. लग्न होऊन आले तेव्हा रात्रीची झोप लागेना, आणि अंघोळीचं तर विचारूच नका. परसात एक आडभिंत, तिच्या तोंडाला लोंबतं गोणपाट, झाली न्हाणी. मी दोन दिवस नुसते हातपाय धुतले. तिसऱ्या दिवशी वन्संनी मला बाजूला घेतलं.

"काय गं, पानी लागतंय का तुला?"

"न्हाई वन्सं. कवाड न्हाई ना."

"गावात कवाड कुनालाच न्हाई. म्हनून काय समदं गाव बिनअंघुळीचं हाय? हितं गडीमानूस कुनाच्या परसाकडनं गेला तर खाकरून जातो. आन् तू दिस उगवायच्या आत उरकत जा. मी हाय हितं राखन."

तेव्हापासून मीही पहाटेची झाले. पुढं पुढं मला माहेरच्या कड्याच परक्या वाटायला लागल्या.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. परकराच्या वयात लग्न झालं आणि लुगडं नीट सावरता येण्याआधी नवरा तापानं गेला. सासरच्यांनी आणून सोडलं. त्याच सुमाराला माझ्या सासूबाई बाळंतपणात गेल्या आणि अंगावरचं पोर मागं राहिलं. ते पोर म्हणजे मच्छिंद्र, माझे यजमान. वन्संच्या मांडीवर ते जे आलं, ते मिसरूड फुटेपर्यंत उतरलं नाही. मधे कुणी तरी दुसरं घर करायची गोष्ट काढली होती म्हणतात. वन्संनी पोराकडं बोट केलं आणि विचारलं, "ह्याला कुठं ठिऊ?" त्यावर कुणी परत बोललं नाही.

अशा बाईचं वर्णन करायचं तर लोक म्हणतात, फार सोसलं. मला ते तितकंसं पटत नाही. वन्संना मिजास होती, आणि ती दोन गोष्टींची होती. एक, त्यांचं सोवळं. अंघोळ झाल्याशिवाय देवाला हात नाही, आणि देवाची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही, मग ताप असो की पाहुणे असोत. दुसरी मिजास त्यांच्या धाब्याची.

आमचं घर धाब्याचं. वर लाकडं, लाकडांवर काटक्या, आणि त्यावर पांढरीचा जाड थर. पांढरी म्हणजे गावठाणाच्या जुन्या उंचवट्यावरची माती, हाताला पिठासारखी. ती नीट चोपली की पावसाचं पाणी खाली उतरत नाही. दर वैशाखात वन्सं शिडी लावून वर चढायच्या. पांढरी चाळायच्या, पसरायच्या, पाणी शिंपडायच्या आणि लाकडी चोपण्यानं दिवसभर चोपत बसायच्या. खाली स्वयंपाक करताना माझ्या डोक्यावर धप्‌ धप्‌ असा आवाज चालायचा. गावातल्या बायका त्यांना बोलवायला यायच्या. "राहीबाई, तेवढं आमचंबी बघा. तुमच्या हातचं धाबं गळत न्हाई." वन्सं वरवर म्हणायच्या, "माती तीच हाय, हात बी तसलेच हायत." पण त्या दिवशी चालताना मान थोडी वर असायची.

दुष्काळाच्या साली त्या पडल्या.

त्या सालाचं काय सांगू. विहिरीचा तळ दिसत होता. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं खायला वाटायचे ती सुकडी पदरात बांधून आणायची. घरात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, तीही घशाखाली ढकलावी लागायची. अशात अंघोळ म्हणजे एक तांब्या पाणी. वन्सं तेवढ्यावर भागवायच्या, पण चुकवायच्या नाहीत. न्हाणीत जुने चार-पाच सुटे दगड होते आणि त्यातला एक पहिल्यापासून हलायचा. आम्हा सगळ्यांना माहीत होता, सगळे त्याला वळसा घालून पाय ठेवायचो. त्या पहाटे वन्संचा पाय नेमका त्याच्यावर पडला.

मी आवाज ऐकून धावले. गोणपाट बाजूला करते तो आतून ओरडल्या, "तिथंच थांब! आधी लुगडं टाक माज्या अंगावर. मंग तुज्या नवऱ्याला हाक मार."

मांडीचं हाड मोडलं होतं. वेदनेनं ओठ पांढरे पडलेले, पण लुगडं पुरतं अंगावर येईस्तोवर त्यांनी एक हूं केलं नाही.

सोनईच्या हाडवैद्यानं बांबूच्या कांबी बांधल्या. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. त्या काठीच्या आधारानं दोन-चार पावलं टाकायला लागल्या, तरी न्हाणीत एकट्यानं जायची सोय राहिली नाही. तेव्हा अंघोळ माझ्या हातावर आली.

ते दिवस आठवले तरी अजून माझे खांदे दुखतात. पहाटे उठून पाणी आणायचं, तापवायचं, वन्संना धरून न्हाणीत न्यायचं, खाली बसवायचं, अंघोळ घालायची, उचलायचं, पुसायचं, नेसवायचं. मग भाकरी, मग खडी. माझी पोथी कधीची वाचायची राहिली होती. देवापुढं नुसती उदबत्ती लावून पळायची. आणि वन्सं? मी पाणी घालायला लागले की त्या तोंड भिंतीकडं करायच्या आणि डोळे गच्च मिटायच्या. एरवी अंघोळ करताना त्यांच्या तोंडात देवाचं नाव असायचं. माझ्या हातून होताना नसायचं. मी कितीही हळू हात लावला तरी त्यांचं अंग लाकडासारखं व्हायचं. दोघी एकमेकींना एक शब्द बोलायचो नाही.

मग त्यांनी अंघोळ टाळायला सुरुवात केली.

"आज न्हाई गं. अंग मोडून आलंय."

"मग जेवायचं काय वन्सं?"

"अंघूळ न्हाई तर पूजा न्हाई. पूजा न्हाई तर घास न्हाई. तुला काय आज कळतंय का?"

एक दिवसाआड अंघोळ, म्हणजे एक दिवसाआड अन्न. त्या दुष्काळात जिथं अन्नासाठी माणसं उन्हातान्हात दगड फोडत होती, तिथं ताटातलं झाकून ठेवावं लागायचं. आधीच वाळलेली बाई, गालफडं आत गेली. यजमान एकदा हात जोडून म्हणाले, "आक्का, देव काय बगत न्हाई, दोन घास खा." वन्सं म्हणाल्या, "देव बगत न्हाई तर तू तरी कशाला बगतोस?"

हाडवैद्याला विचारलं तर तो म्हणाला, बसून अंघोळ करू द्या त्यांना एकटीला, जमेल. पण बसायला अखंड दगड पाहिजे, जागचा न हलणारा, आणि उठताना धरायला एक मेढ. पुन्हा पाय सरकला तर मग कांबीही कामाच्या नाहीत.

यजमानांनी सोनईच्या पाथरवटाकडून एकच मोठा दगड घडवून घेतला. चारी बाजूंनी बोटभर काठ, मधे परातीसारखा किंचित खोल, एका कोपऱ्यात पाणी जायला भोक. गाडीतून उतरवायला पाच माणसं लागली. बसवायला सोनईचाच रंगनाथ गवंडी आला. त्यानं जुने दगड काढून टाकले, खड्डा साफ केला, नव्या दगडाभोवती एक फेरी मारली आणि तंबाखू मळत उभा राहिला.

"दगड देवावानी हाय," तो म्हणाला. "पन देवालाबी बैठक लागती. खाली काय घालायचं?"

ओसरीवर वन्संची बाज होती. तिथून परसातलं सगळं दिसायचं.

यजमान म्हणाले, "सिमेंट हाय की. परमिटाच्या गोण्या आल्यात इहिरीच्या कट्ट्यासाठी. त्यातलं घालू."

"घालू. पन सिमेंटात बसवला का बसला. कुठं तिरपा झाला तर पुन्यांदा निघायचा न्हाई, फोडावाच लागंल. यवढा घडीव दगड."

"मंग मुरूम घाला," गोजरबाई कुंपणापलीकडून म्हणाली. ती असल्या वेळी कधी गैरहजर नसते. "औंदा समद्या तालुक्याच्या रस्त्याला मुरूमच पडतोय. आपल्याबी पडू द्या."

"मुरमात खडं असतात आत्या. दगड खड्यावर टेकतो, बाकीचा अधांतरी. मंग पाय पडला का डुगडुग. डुगडुग नको म्हनून तर चाललंय न्हवं?" रंगनाथनं तंबाखू तोंडात टाकली. "वाळू बरी. समदीकडनं सारखी टेकती."

वाळू होती. कट्ट्याच्या कामासाठीच यजमानांनी प्रवरासंगमाहून गाडीभर आणून विहिरीपाशी टाकली होती. ते पाटी घ्यायला वळणार, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"कुठली वाळू?"

"संगमावरची, आक्का."

"गंगंची?"

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. यजमानांनी पाटी उचलली.

"मी इचारतीय, गंगंची का?"

"व्हय."

"मच्छिंद्रा, त्या गंगंत आईची हाडं सोडल्यात. आन् तिच्यावर बसून मी अंगाचा मळ सोडू व्हय?"

गोजरबाई हसली. "राहीबाई, गंगंत उतरतीस तवा काय हवेत उभी ऱ्हातीस? वाळूवरच पाय टेकवतीस न्हवं?"

"तिथं गंगा वाहती," वन्सं म्हणाल्या. "मळ घिऊन जाती. हितं दगडाखाली तो साचनार. वाहत्या गंगंत आन् साचल्या मोरीत तुला काय फरक कळत न्हाई, म्हनून तर तुजं धाबं दर साली गळतं."

गोजरबाईला धाब्याचं बोलणं झोंबलं, ती आत निघून गेली. मला स्वतःला वन्संचं पटलं होतं. मी संगमावर गेले की पायातलं काढून वाळूवर उतरते. ती वाळू न्हाणीखाली घालायची म्हणजे माझाही जीव धजला नसता.

"मंग घालू काय?" रंगनाथनं विचारलं.

"पांढरी घाल."

"पांढरी?"

"धाब्यावरनं पानी खाली उतरू देत न्हाई, ती दगडाखाली कसं उतरू दील? आन् पिठावानी मऊ, खडा न्हाई त्यात. नीट चोपली का दगड सारखा टेकंल."

रंगनाथनं मान खाजवली. यजमानांनी धाब्याकडं पाहिलं, मीही पाहिलं. इतक्या पावसाळ्यांत एक थेंब न गळलेलं ते धाबं आमच्या डोक्यावर होतं.

"चालंल," रंगनाथ म्हणाला. "तसंबी चालंल."

पांढरी आणली. वन्संनी बाज न्हाणीशी हलवायला लावली आणि चाळणी मागून घेतली. पडल्यापासून हातात घेतलेलं ते त्यांचं पहिलं काम. कोपरापर्यंत हात पांढरे झाले, भुवयाही पांढऱ्या झाल्या. "तिकडं ज्यास्त पडली. हिकडं पानी शिपड. एवढं न्हाई रं, चिखल करतोस व्हय!" रंगनाथला दम देत होत्या. शेवटी चोपणं स्वतःच मागितलं आणि बसल्या बसल्या हात पोचेल तेवढं चोपलं. कितीतरी दिवसांनी घरात तो धप्‌ धप्‌ आवाज आला. मी चुलीपाशी बसून ऐकत राहिले.

दगड बसला तो जागचा हलेना. बाजूला मेढ रोवली. वन्सं दुसऱ्या दिवशी पहाटे काठी टेकत एकट्या आत गेल्या, गोणपाट सोडलं आणि आतून नामस्मरण ऐकू आलं. मी बाहेर उभी होते. माझे हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत हेच मला समजेना.

त्या दिवसापासून त्या रोज जेवायला लागल्या. माझी पोथी पुन्हा सुरू झाली. काम काही कमी नव्हतं, खडी तीच, घागरी त्याच. पण एका माणसाला रोज मान खाली घालायला लावण्याचं काम माझ्या हातून गेलं होतं, आणि तेवढ्यानंही पाठ हलकी वाटायची.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. विहीर वर आली. माणसं पाण्याला हावरी झाली होती. वन्संसुद्धा तांब्यावरून घंगाळावर गेल्या. म्हणायच्या, "औंदा देवानं दिलंय तर घिऊ की चार तांबे ज्यास्त." घरातले आम्ही सगळेच त्याच दगडावर अंघोळीला बसायचो. चातुर्मास तसाच गेला.

दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की वन्सं पुन्हा थोड्या पाण्यावर आल्यात. घंगाळ भरून ठेवावं तर अर्धं तसंच मागं राहायचं. मग एक दिवस म्हणाल्या, "आज नको गं. अंग कसंतरीच हाय." ताट झाकून ठेवलं. पुन्हा चार दिवसांनी तेच. मला वाटलं, हाडाचं दुखणं उलटलं असेल. विचारलं तर अंगावर आल्या. "माज्या अंगाची चौकशी तू कशाला करतीस? तुजी पोथी वाच."

एका सकाळी न्हाणी झाडत होते. दगडाच्या कोपऱ्याशी केरसुणी अडली. वाकून पाहिलं तर दगडाखाली खापरं खोचलेली. फुटक्या गाडग्याची, एकावर एक, आणि त्यावर जुन्या लुगड्याची घडी. मी कोपऱ्यावर पाय दाबला. दगड एका अंगाला कलला आणि परत येताना टक्‌ असा वाजला.

आम्ही धडधाकट माणसं मधोमध बसून उठायचो, आम्हाला ते कधी जाणवलं नव्हतं; वन्सं उठताना सगळा भार मेढीपाशी, त्याच कोपऱ्यावर द्यायच्या. काठी टेकत चालणारी बाई. ती खापरं केव्हा वेचून आणली असतील, वाकून कशी खोचली असतील, देव जाणे. रोज पहाटे त्या हलत्या दगडावर, मेढ धरून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून कमी पाण्यात, कमी हालचालीत त्या अंघोळ करत होत्या. ज्या दिवशी धीर होत नसेल त्या दिवशी उपाशी राहत होत्या.

दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"वन्सं, दगड हालतोय."

सूप थांबलं. "तू माज्या न्हानीत डोकावतीस व्हय?"

"झाडत होते."

"झाडायचं का दगड उचकायचा?"

त्यांनी दोन खडे काढून टाकले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मच्छिंद्राला सांगू नको. खापरं घट हायती. मी बगितलंय. चालतंय."

मला तेव्हा चांगलं बोलता आलं असतं. देवाचं काही तरी सांगता आलं असतं. पण सकाळपासून माझी कंबर धरली होती, आणि तोंडातून खरं तेच गेलं.

"वन्सं, तुम्ही पुन्हा पडलात तर तुम्हाला उचलायची ताकद आता माझ्यात न्हाई हो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे.

"माज्यात तरी कुठं हाय गं," त्या म्हणाल्या, "उचलून घ्यायची."

पुन्हा सूप हाती घेतलं. दुसऱ्या दिवशी यजमान न्याहारीला बसले तेव्हा वन्संनीच सांगितलं, "रंगनाथला बोलीव. न्हानीचा दगड काढायचाय."

रंगनाथ पहार घेऊन आला. यजमान, तो आणि आणखी तिघे, अशांनी मिळून दगड उचलून भिंतीला टेकवला. खाली पांढरी कसली, खरवस होता. पहारेचं टोक लागलं तर थरथरला. भोकाच्या बाजूला तर चांगलाच खड्डा पडला होता. काठाच्या फटीतून रोज झिरपलेलं पाणी त्या मातीनं खाली उतरू दिलं नव्हतं, हे खरं. सगळं स्वतःतच धरून ठेवलं होतं.

वन्सं काठीवर भार देऊन उभ्या होत्या. "मला बसवा," म्हणाल्या. काठाशी बसल्या, हात घातला, मूठभर माती उचलली आणि दाबली. बोटांच्या फटीतून पाणी गळलं.

रंगनाथ म्हणाला, "आक्का, मी तवाच म्हनलो हुतो..."

"काय म्हनला हुतास?"

त्यानं पहार खाली ठेवली.

"'चालंल' म्हनला हुतास."

"व्हय. तसंच म्हनलो हुतो."

वन्संनी मूठ उघडली. ती माती त्या अशा न्याहाळत होत्या, जसं घरचं माणूस खोटं बोलताना सापडावं. मग वर धाब्याकडं पाहिलं.

"तिथं ऊन असतं," त्या म्हणाल्या. "पाऊस पडतो, उघडतो, आन् ऊन पडतं. माती वाळती. हितं कवा ऊन पडलं?" हातातली माती खाली सोडली. "निम्मं काम सूर्यनारायनाचं हुतं. मी समदं माज्या चोपन्याचं समजत हुते."

कुंपणापलीकडं गोजरबाई येऊन उभी होती.

"वाळू हाय का आजून?"

"इहिरीपाशी ढीग हाय आक्का," यजमान म्हणाले. मग अडखळत, "पन ती गंगंची हाय."

"हाय तर हाय. मी इसरले न्हाई." मातीचा हात त्यांनी भिंतीला पुसला. "रंगनाथ, वाळूत पानी थांबतं का?"

"न्हाई थांबत. वाट दिली तर निघून जातं. कडंनी विटा लावू चुन्यात, म्हंजी वाळू हालायची न्हाई. आन् खालनं उतार काढू, पार भिंतीमागल्या कर्दळीपत्तुर."

"काढ. झिरपलेलं पानी वाहतं ऱ्हायला पायजे. साचलं तर मी तुला सोनईला यिऊन गाठंन. वाहतं असलं मंग गंगा काय म्हनायची न्हाई."

आता मात्र गोजरबाईला राहवलं नाही. "अगं, मंग मी गेल्या साली येगळं काय म्हनत हुते?"

"तू हवेत उभी ऱ्हायची गोष्ट करत हुतीस. मी वाहायची करतीय."

"तुज्या तोंडी लागायचं म्हंजी..." गोजरबाई म्हणाली, पण हसत होती. वन्संच्याही ओठाचा एक कोपरा हलला. पडल्यापासून दोघी तशा हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

चिखल झालेली पांढरी काढून टाकली. खाली उतार देऊन वाळू भरली, भिजवली, फळीनं सारखी केली. दगड ठेवायच्या आधी वन्संनी मला हाक मारली. "पुष्पे, हळदकुंकू आन. तू सवाष्न हाईस, तू वाहा."

मी वाळूवर हळदकुंकू वाहिलं, तुळशीचं पान ठेवलं आणि मनात म्हटलं, माते, हे पाय फार दमलेले आहेत, त्यांचा राग धरू नकोस. वन्सं मागं हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी काय म्हटलं ते मला माहीत नाही.

दगड खाली उतरला. रंगनाथनं काठोकाठ भरलेला तांब्या मधोमध ठेवला आणि एकेक कोपऱ्यावर आपला सगळा भार दिला. तांब्यातलं पाणी हिंदकळलं नाही. वन्सं म्हणाल्या, "पुन्यांदा कर." त्यानं पुन्हा केलं.

चुना घट्ट होईतो दगडावर पाणी टाकायचं नव्हतं. तेवढे दिवस अंघोळ पुन्हा माझ्या हातावर आली, परसातच दुसऱ्या कोपऱ्यात, लुगड्याचा आडोसा बांधून. मला धास्ती होती की त्या पुन्हा ताट झाकायला लावतील. नाही लावलं. तोंड भिंतीकडंच असायचं, पण अंग पहिल्यासारखं लाकूड होत नव्हतं. एकदा तर म्हणाल्या, "पानी जरा ऊन हाय." एवढंच. त्या आधीच्या सगळ्या दिवसांत त्यांनी एवढंही बोलून दाखवलं नव्हतं.

मग एका पहाटे त्या काठी टेकत नव्या न्हाणीत गेल्या. मी घंगाळ आत नेऊन ठेवलं, पूर्ण भरलेलं, आणि बाहेर आडभिंतीला पाठ टेकून खाली बसले. चूल पेटायची होती, अंगण झाडायचं होतं. उठवेना. आतून तांब्याचा आवाज येत होता, नामस्मरण येत होतं, आणि भिंतीपलीकडं कर्दळीच्या बुडाशी पाणी उतरल्याचं ऐकू येत होतं. टक्‌ कुठंच नव्हतं. मी डोळे मिटले. बहुतेक डुलकीच लागली असावी.

"पुष्पे, गेलीस का गं?"

मी दचकले. "न्हाई वन्सं. इथंच आहे."

तांब्याचा आवाज थांबला. मला वाटलं, उठायला जमत नसेल. मी गोणपाटापर्यंत हात नेला आणि थांबले.

"ये आत," वन्सं म्हणाल्या. "पाठ तेवढी चोळ. हात पोचत न्हाई."

मी आत गेले. त्या दगडाच्या मधोमध सरळ बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं करून. पाठीचे मणके मोजता यावेत असे वर आलेले. मी ओला हात टेकवला. त्या आकसल्या नाहीत.

"जोरानं चोळ," त्या म्हणाल्या. "आधी तरी कुठं पोचत हुता."